डावीकडची शेजारीण

बोईसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता आणि ‘ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे लागणारी कौशल्ये व गुण’ या विषयावर मला बोलायचं होतं. व्यासपीठावरची माणसं श्रोत्यांपेक्षा किंचितच कमी होती. समई पेटवण्यासाठी पंखे बंद केले. पेटलेल्या समईचा फोटो नीट आला नाही म्हणून ती विझवून पुन्हा पेटवली. मग प्रत्येकाला शाल आणि नारळ. नारळ देणाऱ्यांनाही नारळ. प्रमुख पाहुण्यांनी वैद्यकीय क्षेत्र म्हणजे सेवा, त्याग आणि समर्पण असं घामाघूम होईपर्यंत सांगितलं. ते स्वतः बांधकाम व्यवसायात होते. सूत्रसंचालकांनी माझी ओळख फिजिओथेरपिस्ट म्हणून करून दिली. मी हळूच दुरुस्ती केली, तेव्हा त्यांनी माइकवरच “म्हणजे तेच” असं जाहीर करून विषय मिटवला. माझी पाळी आली तोवर मागच्या दाराशी वडापाव आले होते. “संयम फार महत्त्वाचा,” एवढं सांगून मी खाली बसले. टाळ्या मोठ्या मिळाल्या, कारण कार्यक्रम संपला होता.

खरं तर मला त्या मुलांना दांडी गावच्या एका मावशींबद्दल सांगायचं होतं.

आधी आमचं काम काय ते सांगते, कारण माझ्या सासरच्यांनाही अजून ते नक्की माहीत नाही. फिजिओथेरपिस्ट पडलेला हात वर उचलायला शिकवतात. तो उचललेला हात पुढे काय करणार, चहा गाळणार की ब्लाउजचे हुक लावणार, हे आम्ही बघतो. आजारपणाने माणसाच्या हातून जी कामं सुटतात, ती त्याच्या हाती पुन्हा देणं हा आमचा धंदा. मी पालघरच्या एका छोट्या पुनर्वसन केंद्रात नोकरी करते आणि आठवड्यातून काही दिवस बोईसर-तारापूरच्या बाजूला घरोघरी जाते.

मावशींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. मुंबईच्या रुग्णालयातून त्या काठी टेकत घरी आल्या. पाय बरा होता, हातात थोडी पकड होती, आणि बोलणं तर असं शाबूत होतं की डॉक्टरांनी त्यांना जरा लवकरच घरी सोडलं असावं, असा मला संशय आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या जेवत होत्या. मला बघताच त्यांनी सुनेसमोर तक्रार मांडली.

“बाय, ही मला अर्धीच भाकर वाढते. जन्मभर पोटभर खाल्लं, आता बघ काय पाळी आली.”

सून रडायच्या बेतात होती. “मॅडम, मी अख्खी वाढते. ह्याच अर्धी ठेवतात नि सगल्या गावाला सांगतात, सून उपाशी ठेवते म्हणून. मला विहिरीवर जायची सोय नाय राहिली.”

मी ताटाकडे पाहिलं. उजवीकडची भाकरी, उजवीकडचं कालवण साफ संपलेलं. डावीकडे अर्धी भाकरी आणि माशाची अख्खी तुकडी जशीच्या तशी. मी ताट अर्धं फिरवलं.

मावशी चमकल्या. “ही कुठनं आली?”

“ताटातच होती, मावशी.”

त्यांनी सुनेकडे जळजळीत नजर टाकली. “बघ. बाय आली तशी वाढलीस.”

मावशींच्या डोळ्यांत दोष नव्हता. मेंदूला जिथे इजा झाली होती, तिथून डाव्या बाजूची दखलच घेतली जात नव्हती. डावीकडे ठेवलेला पेला त्यांच्यासाठी नव्हताच. केस विंचरायच्या तेही उजव्या बाजूचेच. डावीकडून कुणी हाक मारली तर त्या उजवीकडे शोधत. आम्ही याला इंग्रजीत एक भारदस्त नाव देतो आणि ते त्यांच्या फाइलमध्ये लिहिलेलंही होतं, पण फाइल कपाटात होती. घरात हे निदान फक्त मांजराने केलं होतं. ते जेवणाच्या वेळी बरोबर मावशींच्या डावीकडे येऊन बसे आणि तुकडी उचलून शांतपणे तिथेच खाई. पळून जायची त्याला गरजच उरली नव्हती. मी गेले तेव्हा ते चांगलंच लठ्ठ झालेलं होतं.

आमच्या कामात जो पहिला प्रश्न विचारायचा असतो तो मी विचारला. “मावशी, बरं होऊन काय करायचंय?”

“बाजारात बसायचं.”

बोईसरच्या मासळी बाजारात त्यांची जागा होती. लग्न होऊन दांडीला आल्यापासून त्या तिथे बसत. आता त्यांच्या जागी सून बसत होती आणि चांगलं बसत होती. मुलगा बोटीवर जात असे. त्याचं मत ठाम होतं.

“आये, तुला काय कमी हाय? खुर्ची टाकून देतो अंगणात, बस की.”

त्याने खरंच खुर्ची आणली होती, लाल प्लास्टिकची, हाताची. मावशी तिच्यावर एकदाही बसल्या नव्हत्या. तिच्यावर जाळी सुकत असत.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “मॅडम, तिची डावी बाजू उघडी हाय. फळीवरचा अर्धा माल कोणी बी उचलून नेईल नि हिला कळणार नाय. बाजार हसंल तिला. ते मला नाय बघवणार. डावीकडचं तिला दिसलं पायजे, मग नेतो. नायतर नाय.”

त्याचं बरोबरच होतं. मावशींनी उभ्या जन्मात कुणाला आपल्यावर हसू दिलं नव्हतं, आणि ती जागा गेली तर त्यांच्याकडे लाल खुर्चीच उरणार होती. पणाला लागलं होतं ते एवढंच, आणि ते माझ्या पिशवीतल्या, फळीच्या भोकांत खोचायच्या प्लास्टिकच्या रंगीत खुंट्यांवर सोडवायचं होतं.

पिशवी उघडल्यावर मावशींनी एक खुंटी उचलून नाकाला लावली. “ह्यांचं कालवण करू?”

मग मी कागद काढला. त्यावर रेघा असतात आणि रुग्णाने प्रत्येक रेघेवर काट मारायची असते. मावशींनी उजवीकडच्या पाच-सहा रेघा खोडल्या, पेन्सिल ठेवली आणि “मी पास की नापास?” असं विचारलं. नापास म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “शालेत बी असंच झालेलं,” आणि झोपायला निघून गेल्या.

पुढच्या खेपेला मी पिशवी न्यायचीच नाही असं ठरवलं. थंडीचे दिवस सुरू झाले होते आणि किनाऱ्यावर बोंबील सुकत होते. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची, एक अलीकडे, एक पलीकडे. एका हाताने जबडा उघडा धरावा लागतो, दुसऱ्याने अडकवावं लागतं. दोन्ही हात, डोळे, मान, कंबर, सगळं एकदम कामाला लागतं. असं उपकरण आमच्या केंद्रात नाही. आमच्या केंद्रात एक परदेशी यंत्र आहे. उद्घाटनाच्या दिवशी त्याची फीत कापली, त्याला कुंकू लावलं आणि ते चालवायला येणारा माणूस अजून यायचा आहे म्हणून त्यावर चादर घातली. संचालक पाहुण्यांना ती चादर अजून अभिमानाने दाखवतात.

मावशी दोरीपाशी उभ्या राहिल्या. डावा हात कुरकुरत कामाला लागला. जबडा निसटे, त्या शिवी देत, पुन्हा धरत. बऱ्याच वेळाने उजवीकडची अर्धी दोरी भरली आणि त्या पदराला हात पुसून म्हणाल्या, “झालं.”

डावीकडची अर्धी दोरी रिकामी लोंबत होती.

सून पटकन पुढे झाली. मी तिचा हात धरला. “नाही. तू लावायचे नाहीस.”

“मॅडम, लोक बघतात! म्हणतील, सून हात पाठीमागं घेऊन उभी नि म्हातारी आजारात मरमर मरते.”

लोक बघत होतेच. आजूबाजूच्या दोऱ्यांवरच्या बायका आता काम सोडून आमच्याकडेच बघत होत्या. एकीने हाक दिली, “ओ डाक्टरीण बाय! नुसत्या उभ्या काय? जरा हात लावा की! का बोंबलाचा वास लागतो?”

दुसरी म्हणाली, “अगो, त्या शिकलेल्या हायत. उभं राहायचंच शिकलेल्या हायत.”

हे त्यांनी चेष्टेत म्हटलं, पण आमच्या अभ्यासक्रमाचं इतकं नेमकं वर्णन मी विद्यापीठाच्या माहितीपत्रकातही वाचलेलं नाही. संयम हा शब्द मला फारसा आवडत नाही. त्यात एक साधूपणा येतो. प्रत्यक्षात होतं ते असं: समोर माणूस धडपडतोय, आपल्याला ते काम दोन मिनिटांत येतं, आपले हात सळसळतात, आणि आपण ते मागे धरून ठेवतो. बघणाऱ्यांना तो आळस वाटतो. करणाऱ्याला घाम फुटतो. त्या दिवशी मी ओढणीची टोकं पाठीमागे हातांना गुंडाळून घेतली होती.

“मावशी, दोरी संपेपर्यंत मान वळवायची,” मी सांगितलं आणि डाव्या टोकाला लाल चिंधी बांधली. “हे लाल दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत काम झालं नाही.”

ही पुस्तकातली युक्ती आहे आणि चांगली आहे. पुस्तकात बकरी नसते. पुढच्या भेटीला गेले तर चिंधी नव्हती, सून हसू दाबत होती आणि एक बकरी माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होती. मी पत्र्याचा लाल डबा टांगला. मावशींच्या मेंदूने चिंधीची घेतली तेवढीच दखल डब्याची घेतली, म्हणजे मी आठवण केली की. “मान वळवा, मावशी.” वळे. पुन्हा उजवीकडे घसरे. “मावशी, डबा.” पुन्हा वळे. मी नसताना कोण सांगणार? आणि बाजारात मी डबा कुठे टांगणार?

आणि मग शेजारीण आली.

ही शेजारीण घराची नव्हे, बाजारातली. बोईसरला मावशींच्या अगदी डावीकडे तिची जागा. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या आणि तेव्हापासून त्या दोन फळ्यांमधल्या चार बोटं जागेवरून त्यांचं भांडण चाललं होतं. हिचं पाणी तिच्या मांदेलीवर जातं, तिची टोपली हिच्या हद्दीत येते, हिचं गिऱ्हाईक ती हाका मारून ओढते. सुनेने मला सांगितलं, की त्या दोघी भांडायला लागल्या की भय्या लोक मासळी सोडून ऐकत उभे राहायचे.

पण त्या दिवशी शेजारीण शहाळं घेऊन आली होती. मावशींच्या डाव्या हाताला बसली आणि एखाद्या समाजसेविकेच्या आवाजात म्हणाली, “आराम कर गो. बाजाराचं टेन्शन नको घेऊ. तुझी जागा आमी सांभालतो.”

मावशींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, डावी बाजू. पण ती गेल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ऐकलंस? ती बी गोड बोलाय लागली. म्हंजे मी मेलेच की.”

सून कामात होती, म्हणून ते मीच ऐकलं. इतक्या दिवसांत मावशी पहिल्यांदाच विनोद न करता बोलल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात शेजारीण किनाऱ्यावर आपल्या दोरीकडे चालली होती. मावशी आमच्या दोरीवर काम करत होत्या, म्हणजे दोरीच्या उजव्या अर्ध्या भागावर. शेजारीण डावीकडून आली, थांबली, आणि तिचा दयाळूपणा तिच्या हातून सुटला.

“अगो, ही काय रीत? किती खेटून टांगलेस! वारा कुठनं जाईल? कुजवतेस काय?”

मावशींची मान वळली. उजवीकडून सुरू झाली आणि थांबलीच नाही. रिकामी दोरी ओलांडून, लाल डबा ओलांडून, पार शेजारणीच्या तोंडापर्यंत गेली.

“तू नको शिकवू मला! तुझा सुकवलेला बोंबील कुत्रं खाईना!”

शेजारणीने जीभ चावली. “चुकलं गो. तू आजारी हायस. चुकलं.” आणि ती जवळजवळ पळालीच. मी वाळूतून तिच्या मागे धावले. थेरपिस्टकडे धावण्याची तयारी असावी, हे कुणी कुठे लिहिलेलं नाही.

“काकी, एक काम होतं. तुम्ही येऊन त्यांच्याशी भांडाल का? डावीकडून.”

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. “बाय, तुझं शिक्षण पुरं झालंय ना?”

“झालंय.”

“आजारी बाईशी भांडू? मानूस हाय मी, दगड नाय. गाव तोंडात शेण घालील माझ्या.”

“तुमचा आवाज आला की त्यांची मान वळते. माझ्या आवाजाला वळत नाही. मुलाला वळत नाही. तुम्हालाच वळते.”

शेजारणीने पदर कमरेला खोचला. तिला गहिवरून आलं असावं, पण असल्या गोष्टीची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती रागावल्यासारखी दिसली. मग तिने हळूच विचारलं, “आईवरनं बोललं तर चालंल?”

“ते तुमच्या अनुभवावर सोडते.”

तिचा अनुभव दांडगा होता. ती रोज यायला लागली. डाव्या टोकाला उभी राहून तिने मावशींच्या कामाची, माहेराची, नथीची आणि मेलेल्या नवऱ्याने कधीकाळी विकत घेतलेल्या इंजिनाची निंदा केली. मावशींची मान वळे, उत्तर देऊन परत येई, पुन्हा वळे. रिकाम्या दोरीवर आधी एक जोडी आली, मग चार. सुनेला सुरुवातीला हे मान्य नव्हतं. पण एका दुपारी मावशींनी स्वतःच ताट फिरवून उरलेली भाकरी खाल्ली आणि डावीकडे न बघताच मांजराच्या टाळक्यात चमचा हाणला, तेव्हापासून ती शेजारणीला चहा द्यायला लागली. मांजर मनाने खचलं.

केंद्रात मला प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. ‘शेजारीण शिव्या देते, फरक आहे,’ असं मी प्रामाणिकपणे लिहिलं. संचालकांनी ते खोडून ‘डावीकडून नियंत्रित श्राव्य संकेत’ असं लिहिलं. नियंत्रित या शब्दाला माझी हरकत होती.

बोंबील सुकवायचा हंगाम संपत आला तेव्हा मी मुलाला म्हटलं, एक दिवस नेऊन बघू. तो किनाऱ्यावर येऊन बराच वेळ आईला बघत राहिला. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. “एक दिवस,” तो म्हणाला. “माझ्यासमोर. हसले लोक, तर परत नाय.”

बोईसरचा बाजार सकाळी भरतो तेव्हा तिथे उभं राहायला जागा नसते. मावशी आपल्या जागेवर बसल्या. सून मागे. मुलगा खांबाला टेकून, हाताची घडी, चेहरा असा की आईऐवजी त्यालाच रुग्णालयात न्यावं. मी समोर, जरा डावीकडे. शेजारीण आपल्या जागेवर, डावीकडे. दोन फळ्यांमध्ये चार बोटं.

पहिलं गिऱ्हाईक उजवीकडून आलं, कंपनीतला एक तरुण. “मौसी, बोंबील कैसे दिया?” मावशींनी भाव सांगितला, त्याने कमी मागितला, मावशींनी त्याला त्याच्या गावी जाऊन स्वस्त मासे खायचा सल्ला दिला. तो हसला आणि घेऊन गेला. छान. पण ही उजवी बाजू होती.

आणि मग शेजारणीने, मी काहीही सांगितलेलं नसताना, हात लांब करून मावशींच्या फळीच्या डाव्या टोकाचं एक पापलेट उचललं आणि आपल्या फळीवर ठेवलं.

मावशी समोर बघत सुट्टे पैसे पदरात बांधत होत्या.

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली.

शेजारणीने दुसरं उचललं. या वेळी सावकाश, अगदी दाखवून. मावशींनी पदराची गाठ आवळली. शेजारणीचा चेहरा पडला. इतकी वर्षं जी चार बोटं जागा जिंकायला ती झगडली, ती आता सगळीच्या सगळी तिच्यासमोर मोकळी पडली होती आणि तिला ती नको होती. हातातलं पापलेट तिने तसंच धरून ठेवलं. माझ्या जिभेच्या टोकावर “मावशी, डावीकडे” आलं होतं. मी ओठ मिटून घेतले. बाजारात मी रोज नसणार.

“तिसरं उचल,” मावशी म्हणाल्या.

त्यांनी गाठ नीट बसलीय का ते ओढून पाहिलं आणि मग मान वळवली, आरामात, पूर्ण.

“दोन झाली. तिसरं उचल, म्हंजे पुरतं पोलीस ठाणंच दाखवते तुला. चोरटी! मी आजारी काय पडले, हात लांब झाले तुझे?”

शेजारणीने दोन्ही पापलेटं त्यांच्या फळीवर आपटली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. “मेले, कवापासनं बघत होतीस? मग बोलली का नाय? मला घाम फुटला हितं!”

“बघत होते किती खालपर्यंत जातेस ते.”

“तुझ्यापेक्षा वरच हाय मी!”

“वर? टोपली काढ आधी माझ्या हद्दीतनं!”

लोक थांबले, ऐकू लागले, काही हसलेही. मुलगा खांबापासून हलला. मला वाटलं, आता तो आईला उठवणार. पण त्याने वाकून शेजारणीची टोपली बोटभर डावीकडे सरकवली आणि बर्फ आणायला निघून गेला.

भांडण रंगात आलं होतं. मी तिथेच उभी होते, काहीशी भारावलेली. मावशींची नजर शेजारणीवरून परत येताना डाव्या कोपऱ्यात माझ्यावर अडली.

“बाय, तू बाजूला हो की. कवाची मधे उभी हायस. गिऱ्हाइकाला वाट नाय.”